सहासष्ट रुपयांची पोळी

लंडन महाग आहे असे जो म्हणतो, त्याला आधी दुधाचा भाव विचारावा. तिथल्या सुपरमार्केटात चार पाइंटांचा, म्हणजे २.२७ लिटरचा कॅन साधारण दीड पौंडाला मिळतो. पौंड ११५ रुपयांचा धरला तर लिटरला पंचाहत्तर-शहात्तर रुपये पडतात. पुण्यात म्हशीचे दूध याहून काही फार स्वस्त नाही, शिवाय लंडनचे दूध न तापवता पिता येते, म्हणजे गॅस वाचला आणि ते उतू जाणार म्हणून पातेल्यापाशी उभे राहणेही वाचले. बटाटे, अंडी, ब्रेड, टी-शर्ट, टोस्टर यांचे भावही ऐकणाऱ्याला घेरी आणणारे नाहीत. तरी तिकडे गेलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्याच फोनवर घरच्यांना सांगतो, की इथे भयंकर महागाई आहे, आणि तो खोटे बोलत नसतो. यावर नातेवाइकांचे निदान ठरलेले असते: तो प्रत्येक गोष्टीला ११५ ने गुणतो, म्हणून त्याला तसे वाटते. पण ११५ ने गुणूनही दूध पुण्याच्याच भावात राहत असेल, तर दोष गुणाकाराचा नाही. महाग काहीतरी दुसरेच आहे. अशा शहरात वस्तू बेताच्या भावात मिळतात आणि माणूस महाग मिळतो. आपला मध्यमवर्ग आयुष्यभर जगत आलेला असतो तो नेमका स्वस्त माणसावर. त्यामुळे हीथ्रोला उतरताना त्याच्या बॅगेतून एकच गोष्ट हरवलेली असते, आणि ती लॉस्ट प्रॉपर्टीच्या खिडकीवर मिळत नाही.

हे पटायला जड जाते, कारण आपली राहणी साधी आहे यावर मध्यमवर्गाची नितांत श्रद्धा असते. साधी राहणी म्हणजे काय ते कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत सकाळी उभे राहून पाहावे. पेपर टाकणारा, कचरा नेणारी, गाड्या पुसणारा, जिने झाडणारी, भांड्यांच्या बाई, पोळ्यांच्या मावशी, इस्त्रीचे कपडे नेणारा, वाण्याकडून दोन किलो साखर आणि एक लिंबू घेऊन येणारा मुलगा, आणि या सगळ्यांची वहीत नोंद करणारा वॉचमन. साहेब कामाला निघेपर्यंत आठ-दहा माणसांचे हात त्यांच्या साधेपणाला लागून गेलेले असतात. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कामगाराला ताशी किमान १२.२१ पौंड द्यावे लागत, म्हणजे चौदाशे रुपये. हा कायद्याने ठरवलेला तळ झाला. घरकाम करणारी व्यक्ती लंडनमध्ये याहून बरेच जास्त घेते. पुण्यात भांडी आणि फरशी यांचे महिन्याला जे पैसे होतात, तेवढ्यात लंडनमध्ये कोणी जेमतेम दोन तास येईल, आणि येईल तेव्हा आधी ठरवून येईल. गळक्या नळासाठी प्लंबरला बोलावले तर त्याचे बिल पाहून नळ गळत होता तेच बरे होते असे वाटते. केस कापायला जे पैसे पडतात, त्यात पुण्यात घरातल्या सगळ्यांचे केस कापून वर चंपीही होईल. नवीन माणसाला हा धक्का बसतो आणि तो महागाईच्या नावाने खडे फोडतो. वास्तविक त्याने म्हणायला हवे, की इथे न्हाव्याला माणसासारखे पैसे मिळतात.

या सिद्धांताची खरी कसोटी पोळीवर लागते. गव्हाचे पीठ लंडनमध्ये स्वस्त आहे. गॅस किंवा वीज महाग असली तरी एका पोळीला कितीशी लागणार? पण चार माणसांच्या घराला दिवसाला सोळा पोळ्या धरल्या, आणि मळण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत पाऊण तास धरला, तर नुसत्या २०२५ च्या किमान वेतनाने मजुरी ९.१६ पौंड होते. म्हणजे एका पोळीला सत्तावन्न पेन्स, अर्थात सहासष्ट रुपये, आणि यात पीठ, तेल, तूप आलेले नाही. जाड राहिली, नकाशा झाला, करपली, तरी भाव तोच. म्हणूनच तिकडच्या मराठी घरांत रोजची पोळी आधी एक दिवसाआड होते, मग शनिवार-रविवारची होते आणि शेवटी गोठवलेल्या पाकिटातून येते. पाकिटातली स्वस्त असते, कारण तिला हात लागलेला नसतो. ती यंत्राने लाटलेली, यंत्राने शेकलेली आणि यंत्रासारखीच लागणारी असते. तिथल्या लोकांनी दुपारी थंड सँडविच खाण्याची जी प्रथा पाडली, तिला आपण त्यांच्या चवीचे दारिद्र्य समजत आलो. पण सँडविच लाटावे लागत नाही आणि त्याखाली ताटही लागत नाही. माणूस महाग झाला की स्वयंपाकही त्या मानाने सुटसुटीत होतो.

माणूस महाग का होतो, याचे उत्तर अर्थशास्त्रात साठ वर्षांपूर्वीच दिलेले आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाटक-संगीताच्या धंद्यावर एक पुस्तक लिहिले. त्यातला मुद्दा असा, की चार वादकांची रचना वाजवायला बीथोव्हेनच्या काळी चार माणसे लागत, आजही चारच लागतात आणि वेळही तेवढाच लागतो. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांकडून शेकडो पट माल निघू लागला आणि तिथले पगार वाढले. मग वादकांचेही पगार वाढवावे लागतात, नाहीतर ते व्हायोलिन ठेवून कारखान्यात जातील. उत्पादन तेवढेच आणि मजुरी मात्र जास्त, म्हणून संगीत महाग होत जाते. व्हायोलिनच्या जागी लाटणे घातले तरी या विवेचनात काही फरक पडत नाही. आणि लंडन पूर्वीपासून असे नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये बायकांना सर्वांत जास्त रोजगार देणारे क्षेत्र घरकाम हेच होते. बेताच्या कारकुनाच्या घरीदेखील एखादी पोरगी कामाला असे. हिंदुस्थानातून परतणारे साहेब तर मुले सांभाळायला आयाही बरोबर नेत, आणि काम संपले की कित्येकींना लंडनमध्येच सोडून देत. अशा आयांसाठी हॅकनीत जे वसतिगृह चालत असे, त्या इमारतीवर २०२२ साली निळी स्मृतिपाटी लागली. पुढे महायुद्धांत कारखाने आणि कचेऱ्या बायकांना उघडल्या, कामवाल्या पोरींनी एप्रन उतरवले, आणि मालकिणींनी व्हॅक्यूम क्लीनर विकत घेतले. तात्पर्य, लंडनचीही एकेकाळी सदाशिव पेठ होती.

स्वस्त माणसाची किंमत कोणाला कळो न कळो, राजघराण्याला कळली होती. तेव्हा युवराज असलेले चार्ल्स २००३ साली मुंबईत आले असता चर्चगेटला मुद्दाम जाऊन डबेवाल्यांना भेटले, आणि २००५ च्या आपल्या लग्नाला त्यांच्यातल्या दोघांना त्यांनी बोलावले. त्याचे आपल्याला केवढे कौतुक वाटले! व्यवस्थापनाच्या वर्गांत डबेवाल्यांच्या अचूकपणावर व्याख्याने झाली. पण ज्या शहरात जगातल्या निम्म्या बँकांच्या पाट्या लागलेल्या आहेत, त्या शहरात घरचा गरम डबा रोज कचेरीत पोचवून रिकामा परत नेणारी यंत्रणा का निघाली नाही, हा प्रश्न त्या व्याख्यानांत कोणी विचारला नाही. अचूकपणा लंडनलाही जमला असता. मुंबईच्या दरात उन्हापावसात डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन धावणारी माणसे मात्र तिथे कुठल्याही राजाला मिळाली नसती. आपण ज्याला व्यवस्थापन म्हणून टाळ्या वाजवल्या, त्यात मोठा वाटा मावळातल्या माणसाच्या पायांचा आणि त्या पायांच्या भावाचा होता.

आता यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप घेऊ. लंडनमध्ये मुख्य मार असतो तो घरभाड्याचा, आणि भाड्यात माणसाचे हात कुठे आले? आक्षेप बिनतोड दिसतो. २०२५ मध्ये लंडनमधले सरासरी खासगी भाडे सरकारी आकड्यांनुसार महिना २,२०० पौंडांच्या वर होते. वर्षाला ४५ हजार पौंड पगार घेणारा माणूस गावाकडे ५१ लाख ७५ हजारांचा धनी म्हणून ओळखला जातो, त्याच्यासाठी स्थळेही त्याच आकड्यावर येतात. प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स कापून त्याच्या हातात महिन्याला तीन हजार पौंडांहून किंचित कमीच येतात. त्यातून सरासरी भाडे दिले तर उरलेल्या आठशेत कौन्सिल टॅक्स, वीज, प्रवास आणि दूध. म्हणून तो आख्ख्या घराऐवजी नुसती खोली घेतो, आणि तिलाही हजाराच्या आसपास मोजतो. हे सगळे खरे. पण भाडे ही मुंबईकराला नवलाची गोष्ट कधीपासून झाली? डिपॉझिट, दलाल, अकरा महिन्यांचा करार, संडासाच्या रांगेवरून झालेले महायुद्ध, हे सगळे तो जन्मापासून पाहून गेलेला असतो. उलट इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याने बहुतेक घरांचे डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरते बांधून दिले आहे, हे ऐकून त्याला गहिवरून यावे. जे दुखणे दोन्ही शहरांत आहे, त्याने नव्या शहराचे वेगळेपण सिद्ध होत नाही. शिवाय जुन्या व्हिक्टोरियन घरात त्याला मिळालेली ती उतरत्या छताची माळ्यावरची खोली मूळची कोणाची, हे त्याने एकदा विचारावे. अशा घरांत कामवाल्या मुलींना झोपायला माळाच देत. त्या गेल्या, आणि त्यांच्या खोलीत हा इंजिनियर आला. त्यांना निदान खोलीचे भाडे पडत नव्हते.

घरात मूल आले की सिद्धांत पाळण्यातून बाहेर येऊन रडू लागतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक मोठे माणूस असलेच पाहिजे, असा पाळणाघरांना नियम आहे. आठवड्याचे ४५ तास त्या माणसाला नुसते २०२५ चे किमान वेतन दिले तरी ५५० पौंड होतात. तीन बाळांत वाटले तर एकाच्या वाट्याला १८३, म्हणजे एकवीस हजार रुपये आठवड्याला, आणि त्यात जागेचे भाडे, वीज, व्यवस्थापिका आणि सफरचंदाचा लगदा अजून धरायचा आहे. सरकार नोकरदार आईबापांच्या मुलांना नऊ महिन्यांपासून, शाळेच्या सत्रांपुरते, आठवड्याला तीस तास मोफत देते. पण सार्वजनिक निधीवर हक्क नाही असा शिक्का ज्या जोडप्याच्या व्हिसावर आहे, त्याने ती जाहिरात फक्त वाचायची. अशा वेळी मराठी बुद्धी जागी होते आणि आजी-आजोबा नावाचे जुने यंत्र बाहेर काढते. पाहुण्यांचा व्हिसा एका भेटीला सहा महिन्यांपर्यंत राहू देतो. आधी नवऱ्याचे आईवडील येतात, ते निघाले की बायकोचे, आणि विमानतळावर बाळासकट सूचनांची यादी एका व्याह्याकडून दुसऱ्याकडे सुपूर्द होते. आजी मेथीची पुरचुंडी घेऊन लंडन पाहायला आलेली असते. थेम्सपेक्षा तिला सिंकच जास्त दिसते. हे ममतेचे लक्षण आहे यात शंका नाही. पण ममतेचा बाजारभाव ताशी निदान १२.२१ पौंड असतो तेव्हा ती जास्तच दाटून येते, हेही नोंदवायला हरकत नसावी.

काही जण म्हणतील, डॉक्टर तर तिथे फुकट आहे. मग माणूस महाग कसा? एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा १९४८ पासून चालू आहे आणि ती माणुसकीची मोठी गोष्ट आहे. तरी नोकरीसाठी येणाऱ्या बहुतेक परदेशी माणसांना व्हिसा घेतानाच प्रत्येक वर्षासाठी १,०३५ पौंड आरोग्य अधिभार एकदम भरावा लागतो, मुलांमागे ७७६. नवरा, बायको, दोन मुले आणि तीन वर्षे असा हिशोब केला तर १०,८६६ पौंड, म्हणजे साडेबारा लाख रुपये. एवढे भरून साधा खोकला झाला तर सकाळी आठच्या ठोक्याला दवाखान्याचा फोन लावत बसायचे. ज्या माणसाचे मोल पैशात घेतले जात नाही, त्याचे ते वेळात घेतले जाते, कारण डॉक्टर तेवढेच आणि खोकणारे वाढलेले. पुण्यात मात्र घसा धरला की संध्याकाळी चपला सरकवून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाता येते आणि त्यांच्याशी पावसावरही बोलता येते.

आणखी एक आक्षेप जरा नैतिक असतो. हात आपले आपण वापरावेत, श्रमाची लाज कसली, परदेशात गेल्यावर मुले कशी सुधारतात, कपबशीसुद्धा स्वतः धुतात, असे अभिमानाने सांगणारे आईवडील असतात. श्रमप्रतिष्ठेचा हा धडा किती खोल उतरला ते पाहायला डिसेंबरपर्यंत थांबावे. तोच सुधारलेला मुलगा तीन आठवड्यांच्या सुट्टीवर पुण्यात येतो, चहा पितो, आणि कप होता तिथेच राहतो. लंडनमध्ये तो ज्याला कर्तव्य म्हणत होता, ते इथे दुसऱ्या दिवसापासून मावशींचे होते. याचा अर्थ त्याला श्रमाची प्रतिष्ठा कळली नव्हती, श्रमाची किंमत कळली होती. इथे किंमत उतरली, तशी प्रतिष्ठाही उतरली. यंत्रे सगळे करतात, हा युक्तिवादही अर्धाच टिकतो. धुण्याचे यंत्र धुते, पण वाळत कोण घालणार, घड्या कोण घालणार, आणि एकट्या उरलेल्या मोज्याची समजूत कोण काढणार? आयकियाचे कपाट स्वस्त असते, कारण ते सुतारावाचून येते. सुतार आपण व्हायचे असते.

शेवटचा आक्षेप ताजा आहे. आता लंडनमध्येही अ‍ॅपवर जेवण येते, गाडी येते, म्हणजे स्वस्त हात तिथेही आलेच. आले आहेत खरे, आणि ते बऱ्याचदा आपल्यासारख्याच नव्याने आलेल्या लोकांचे आहेत, ही त्यातली बोच. पण गाड्यांच्या बाबतीत तरी तिथे असा हात फार काळ स्वस्त राहू दिला गेला नाही. उबरचे चालक किमान वेतनाला आणि पगारी रजेला पात्र आहेत, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. आपल्याकडे महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. तो झाल्याची बातमी किती घरांतल्या ओट्यापर्यंत पोचली, हे आपापल्या ओट्यापाशी विचारून पाहावे.

तेव्हा परदेशातल्या महाग शहराचे आव्हान एवढेच असते, की आजवर दुसऱ्याच्या कमी पगारातून होत होती ती आपली बचत तिथे बंद होते. पुणे स्वस्त आहे ते आपण काटकसरी आहोत म्हणून नव्हे. आपल्या काटकसरीचा मोठा भाग रोज सकाळी बेल वाजवून येतो आणि दहा घरे करून संध्याकाळी वस्तीवर परत जातो. यावर कोणी म्हणेल, मग काय इथेही बायांचे दर लंडनइतके करायचे? मध्यमवर्ग बुडेल. लंडनचा मध्यमवर्गही असेच म्हणत होता. बुडाला नाही, कप धुवायला शिकला. आणि आपण दर वाढवू न वाढवू, पोळ्यांच्या मावशींची मुलगी बी.कॉम. करते आहे आणि ती लाटणे हातात घेणार नाही, हे मावशींनी केव्हाच ठरवले आहे. ती नोकरीला लागेल त्या दिवसापासून लंडनची महागाई व्हिसाशिवाय कोथरूडला पोचायला लागेल. म्हणून परदेशी निघालेल्यांनी कुठल्याही सल्लागाराकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्या मदतनिसांना तीन महिन्यांची भरपगारी रजा देऊन पाहावी. त्यात टिकलात तर जगात कुठेही टिकाल. आणि जे इथेच राहणार आहेत, त्यांनी यंदा बाईंचा पगार त्यांनी मागायच्या आत वाढवावा आणि आठवड्याची एक सुट्टीही द्यावी. दोन्ही गोष्टी आज तरी परवडण्यासारख्या आहेत.